पट्टा काढलेली मशीन

तुळजाबाईचा नवरा लग्नानंतर तीस वर्षं जगला, पण त्या तीस वर्षांत त्यानं बायकोला कधी ऊब दिली असं गल्लीतल्या कुणाला वाटत नव्हतं. मेल्यावर मात्र दिली. तेरावं झालं तशी तुळजाबाईनं त्याची तीन धोतरं, दोन पैरणी आणि लग्नातला तो एकुलता एक कोट उसवला आणि सगळ्यांची मिळून गोधडी शिवली. तामसीत थंडी पडली की समोरची विमलबाई अजून विचारायची, "काय वं तुळजा, पुरते ना नवरा अंगभर?" तुळजाबाई सुईत दोरा ओवता ओवता सांगायची की पाय उघडे राह्यतात, पहिल्यापासूनच बुटका होता तो.

त्या एका गोधडीवरून तिचा धंदा सुरू झाला. ब्लाउज, परकर, साडीचा फॉल हे वर्षभर चालायचंच, पण तामसी आणि आसपासच्या गावांतून लोक तिच्याकडे यायचे ते गेलेल्या माणसाचे कपडे घेऊन. आईची लुगडी, बापाची धोतरं, कधी एखाद्या लेकराची टोपडी-झबली. आतल्या खोलीत लाकडी फळीवर ही गाठोडी ओळीनं मांडलेली असायची. तुळजाबाईला लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गाठोड्याला ती त्याच माणसाच्या कपड्याचं एक बटन किंवा काठाची चिंधी टाचून ठेवायची. कोणतं बटन कोणाचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. गिऱ्हाईक दारातूनच बोलायचं, त्या खोलीकडे बघायचं नाही. आणि थंडी सुरू झाली की तीच माणसं त्याच गोधडीत नाकापर्यंत शिरून घोरायची. माणसाची तऱ्हा आहे ही, दुसरं काय.

सासूनं तिला एक नेम घालून दिला होता. गेलेल्याची गोधडी सर्वपित्री अमावास्येच्या आत पुरी झाली पाहिजे. नाहीतर ते माणूस कपड्यातच बसून राहतं, त्याला ना इकडे जागा ना तिकडे. गल्लीतले सगळे जण म्हणायचे की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आणि सगळे जण गाठोडं वेळेत आणून द्यायचे.

तिची पायमशीन तिच्याहून म्हातारी होती. पायडलची एक सळई झिजलेली, त्यामुळे मशीन लंगडायची. खट-खट-चिक, खट-खट-चिक. सगळ्या गल्लीला तो आवाज पाठ होता. दुपारी बाराच्या सुमाराला छपराच्या फटीतून उजेड सरळ सुईवर पडायचा, म्हणून ती वेळ तुळजाबाई कधी वाया घालवत नसे. बाकीचा गाव जेवून आडवा झालेला, आणि तिची मशीन चालू.

त्या वेळेला शेजारची रेणुकाबाई तिच्याजवळ स्टूल टाकून बसायची. दोघींच्या घरांची मधली भिंत एकच. रेणुकाबाईला मशीन शिकायची भारी हौस, पण हात असा वाकडा की तिची शिवण निघायची सरळ आणि चार बोटं गेली की डावीकडे वळायची, नदी दिसलेल्या म्हशीसारखी. तुळजाबाई ते उसवायची आणि हसायची. "तुह्या हातची गोधडी घेतली तर माणूस झोपेत वाकडं होईन," असं म्हणायची. रेणुकाबाई फुगायची आणि दर वेळेला एकच सांगायची, "माही गोधडी मीच शिवीन, पाहाय तू."

चैत्रात रेणुकाबाई दोन दिवसांच्या तापानं गेली. मुलगा पुण्याहून आला, दिवस केले, घराला कुलूप लावून किल्ली तुळजाबाईकडे दिली आणि आईच्या सात साड्या तिच्या हवाली करून गेला. तुळजाबाईनं त्यांचं गाठोडं बांधून फळीवर ठेवलं. आधीची आणि नंतरचीही गाठोडी शिवून झाली, पण रेणुकाबाईच्या गाठोड्याला तुळजाबाईचा हात लागत नव्हता. कात्री घेऊन बसायची आणि दुसरंच काही कापून उठायची. असं करता करता भादवा आला, पितृपक्ष लागला.

आणि त्याच पंधरवड्यात कोर्टाचा कागद आला.

म्हणजे आधीही आले होते. तुळजाबाईच्या बहिणीच्या मुलानं, अमरनं, आदिलाबादला मोबाईलचं दुकान टाकायला एका फायनान्सकडून कर्ज उचललं होतं आणि मावशीला जामीन ठेवलं होतं. दुकान बुडालं, अमर नांदेडकडे पळाला. फायनान्सवाले कोर्टात गेले. नोटिसा तुळजाबाईच्या दारात आल्या, पण तामसी तेलंगणात, म्हणून त्या तेलुगूत. कागद मात्र चांगला जाड. तिनं त्याचे ब्लाउजचे खाके कापले. गल्लीतल्या अर्ध्या बायकांच्या पाठीचे गळे त्या वर्षी कोर्टाच्या नोटिशीवरून निघाले, आणि फिटिंग उत्तम होतं हे सगळ्याच कबूल करतात. तिकडे कोर्टात मात्र तिच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूम झाला. आता गुरुवारी अमीन येणार होता. अमीन म्हणजे जप्ती करणारा कोर्टाचा माणूस. निजाम जाऊन जमाना झाला, पण हे नाव काही गेलं नाही.

घरात जप्त करण्यासारखं होतं काय? एक मशीन. ती गेली तर तुळजाबाईनं खायचं काय आणि फळीवरच्या माणसांचं करायचं काय?

ती सल्ल्याला पांडुरंगरावांकडे गेली. पांडुरंगराव तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच रिटायर झाले, पण रिटायर झाल्यापासून त्यांना तहसीलदाराहून जास्त कायदा येऊ लागला होता. त्यांनी चष्मा पुसला, कागद उलटा धरून वाचला आणि निकाल दिला. "वैनी, माल घरात दिसलाच नाई, तर जप्ती कायची होईन? आजच हलवा."

रविवारी भर दुपारी मशीन हलली. मागच्या दारानं, गोणपाट टाकून, कुणाला कळू न देता. म्हणजे गल्लीतल्या अकरा घरांना कळलं आणि बाराव्या घराला पांडुरंगरावांनी चहाच्या टपरीवर स्वतः सांगितलं. मशीन ठेवली रेणुकाबाईच्या बंद घरात, मधल्या खोलीत, जुनी चादर झाकून. कुणी वापरू नये म्हणून तुळजाबाईनं चाकाचा चामडी पट्टा काढला, घरी आणला आणि ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवला. पट्ट्याशिवाय पायडल कितीही मारा, चाक हलत नाही.

सोमवारी बारा वाजता ती रिकाम्या हातानं ओसरीवर बसली होती. तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला.

खट-खट-चिक.

आधी तिला वाटलं, सवयीनं कान वाजतात. मग समोरची विमलबाई हातातलं ताट तसंच धरून दारात आली आणि तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे कान वाजत नव्हते. तुळजाबाईनं जाऊन ज्वारीचा डबा उघडला. पट्टा तिथंच होता. तो मुठीत धरून ती शेजारी गेली. कुलूप जसंच्या तसं. किल्ली फिरली तसा आवाज थांबला.

आत मशीन एकटी उभी होती. झाकलेली चादर खाटेवर ठेवली होती, चौघडी करून, चारही कोपरे आत दुमडून. तशी घडी तामसीत एकच बाई घालायची.

तुळजाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मंगळवारी बारा वाजायच्या आतच गल्लीतली दारं लागली. एरवी लोकांच्या भांडणाला पहिल्या रांगेत बसणारी माणसं कडी लावून आत बसली आणि लेकरांना दामटून निजवलं. आवाज बरोबर वेळेवर सुरू झाला. त्या दिवशी आत गेल्यावर तिला सुईत निळा दोरा ओवलेला दिसला. तिच्याकडे निळा दोरा संपून महिना झाला होता. रीळ शोधलं तर रेणुकाबाईच्या कोनाड्यात, तिच्या बिस्किटाच्या डब्यात सापडलं, अर्ध्यावर आलेलं.

बुधवारी विमलबाईनं पितरांसाठी छपरावर घास ठेवला. कावळे आले, पण रेणुकाबाईच्या कौलांवर ओळीनं बसले, सगळे खाली तोंड करून, जणू फटीतून आत बघत होते. एकानंही घासाला चोच लावली नाही. भिंतीपलीकडे मशीन चालू होती. त्या दिवशी तुळजाबाई तिकडे गेलीच नाही. आपल्याच खोलीत गेली आणि फळीवरचं रेणुकाबाईचं गाठोडं खाली घेतलं. ते हलकं लागलं. गाठ तिचीच, दुहेरी, तिनं चैत्रात मारलेली, तशीच घट्ट. तिनं ती सोडली.

साड्या सात होत्या. आता तीन उरल्या होत्या.

ती तशीच भुईवर बसली. भीती वाटली का, असं पुढे विमलबाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली की भीती नंतर वाटली, आधी लाज वाटली. सहा महिने ते माणूस फळीवर ताटकळत बसलं होतं.

त्याच संध्याकाळी आदिलाबादच्या बसनं विमलबाईची पूनम आली. ती कोर्टात नवीनच वकिली करून राहिली होती, मोफत कायदा सल्ल्याच्या टेबलावरही बसायची. आईनं फोन करून बोलावलं होतं, भुतासाठी नव्हे, जप्तीसाठी. तिनं कागद सरळ धरून वाचला, मशीन कुठे आहे ते विचारलं आणि डोक्याला हात लावला.

"काकू, कारागिराचं हत्यार जप्त करता येतच नाई. कायदाच हाय तसा. सैपाकाची भांडी नाई, अंगावरचे कपडे नाई, अंथरूण-पांघरूण नाई. अमीन आला असता आणि तुमी मशीनवर बसून ब्लाउज शिवून राह्यल्या असत्या, तर त्यानं हातबी लावला नसता. तुमी लपवली काऊन?"

तुळजाबाईनं पांडुरंगरावांच्या घराकडे बोट दाखवलं. तिकडचा दिवा लगेच मालवला गेला.

पूनमनं समजावून सांगितलं. परक्याच्या बंद घरात, पट्टा काढून झाकून ठेवलेली मशीन म्हणजे पोटाचं हत्यार दिसत नाही, लपवलेला माल दिसतो. फायनान्सवाला म्हणेल, बाई हिच्यावर कामच करत नाही. सकाळ झाली की पहिलं काम, मशीन परत घरात. पण सकाळी दार उघडलं तर रेणुकाबाईच्या ओट्यावर बंडू बसलेला. हा फायनान्सचा वसुलीवाला, मोटरसायकलवर हेल्मेट घालून आलेला, हातात मोबाईल. टपरीवरची खबर त्याच्यापर्यंत पोहोचली होती. मशीन हलवली असती तर त्यानं तिथल्या तिथं शूटिंग केलं असतं. पूनम म्हणाली, आता हात लावायचा नाही, अमीनसमोरच काय ते बोलू. तुळजाबाईनं पट्टा हाताला गुंडाळून घेतला आणि वाट बघत बसली.

अमीन पावणेबाराला आला. नरसय्या त्याचं नाव, रिटायरमेंटला आलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. घामानं भिजला होता. विमलबाईनं दिलेलं पाणी प्यायला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला की अम्मा, मला कुणाचं वाईट करायचं नाही, जे दिसेल ते लिहिणार. पंच म्हणून त्यानं पांडुरंगरावांना बोलावलं. ते यायला तयार नव्हते. आणावे लागले.

बंडूनं आपलं म्हणणं मांडलं. मशीन पडून आहे, पट्टा बाईच्या हातात आहे, तोच पुरावा. पूनमनं कलम सांगितलं. बंडू म्हणाला, कलम चालू हत्याराला, भंगाराला नाही. नरसय्यानं दोघांना हातानं थांबवलं आणि किल्ली मागितली. तुळजाबाईनं ती त्याच्या हातावर ठेवली. मशीन या दाराबाहेर उचलली जाताना तिला आत्ताच दिसत होती.

तेवढ्यात कौलांवर कावळे येऊन बसले. आणि आत सुरू झालं.

खट-खट-चिक. खट-खट-चिक.

नरसय्याची किल्ली कुलपात तशीच राहिली. "आत कोन हाय?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायची ती चांगली संधी होती. भाची बसली आहे, सून बसली आहे, काहीही चाललं असतं. तुळजाबाई म्हणाली, "कोनी नाई साहेब."

"मग मशीन?"

"चालू हाय."

त्यानं तिच्या हाताला गुंडाळलेल्या पट्ट्याकडे बघितलं. मग कुलपाकडे. बाहेरून लावलेलं होतं. पांडुरंगराव दोन पावलं मागे सरकले, पण मागे विमलबाई उभी होती आणि तिनं त्यांना वाट दिली नाही. नरसय्यानं किल्ली फिरवली.

या वेळी आवाज थांबला नाही. ते मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले तेव्हा चाक अजून फिरत होतं, पायडल खालीवर होत होतं, दोहोंच्या मध्ये पट्टा नव्हता. सुईखाली निळ्या दोऱ्याची शिवण सरकत होती. मशीनवरून खाली भुईपर्यंत गोधडी आली होती, चार साड्यांची, आणि तुळजाबाईनं बघितलं की प्रत्येक ओळ चार बोटं सरळ जाऊन डावीकडे वळली आहे. समोर स्टूल होतं. त्याच्यावरची गादी मधोमध दबलेली होती. मग चाक हळू झालं आणि थांबलं, शिवणारं माणूस दोरा तोडायला थांबतं तसं.

बंडू शहरातला, त्याला वाटलं ही काहीतरी मोटर बसवलेली आहे. तो पुढे झाला आणि कापड ओढून मशीनखाली वाकायला गेला. कापड आलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. पलीकडून कुणीतरी तेवढंच ओढून धरलं. गोधडी दोघांच्या मध्ये ताठ झाली, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी, आणि पलीकडच्या टोकाला कापडात चार-चार बोटांच्या चुण्या पडल्या. बंडूनं कापड सोडलं. त्यानंतर तो मोटरसायकलवर बसेपर्यंत कुणी त्याला नीट बघितलंच नाही, इतका तो घाईत होता. हेल्मेट तिथंच राहिलं.

नरसय्या ओसरीवर येऊन बसला आणि लिहू लागला. मशीन चालू स्थितीत. तिच्यावर काम चालू. काम गोधडीचं, म्हणजे अंथरूण-पांघरूण. कारागिराचं हत्यार, जप्त केलं नाही. पूनम प्रत्येक ओळ वाचून बघत होती. पांडुरंगरावांनी सही करण्याआधी हळूच विचारलं की चालवत कोण होतं, ते लिहायला नको का.

"फॉर्ममधी तो रकाना नाई," नरसय्या म्हणाला. जाताना त्यानं घराकडे पाठ केली नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत उलटाच चालत गेला.

पुढच्या तारखेला पूनमनं कोर्टात अर्ज दिला, अमीनचा रिपोर्ट जोडला आणि मशीन जप्तीतून सुटली ती सुटलीच. देणं काही सुटलं नाही, त्याचे हप्ते पडले. अमर नांदेडला सापडला आणि त्याच्या आईनं त्याच्या पगाराचं पाकीट आपल्या हातात घेतलं. ज्या हुकमावर हा सगळा खटाटोप झाला त्याची नक्कल पूनमनं तुळजाबाईला दिली आणि बजावलं की काकू, ह्याचा गळा कापायचा नाई.

मशीन मात्र अमीन आला त्याच गुरुवारी, उजेड असतानाच घरी आली. तुळजाबाईनं पट्टा चढवला, तेल घातलं, उरलेल्या तीन साड्या मशीनशेजारी ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना उठून ओसरीवर गेली. पाठ करून बसली. आत आवाज चालू झाला. असं रोज. अमावास्येच्या दुपारी गोधडी पुरी झाली, सगळी वाकडी. तिनं ती रेणुकाबाईच्या खाटेवर अंथरली, चारही कोपरे आत दुमडले, वर एक घास ठेवला आणि कुलूप लावलं. कावळे त्या दिवशी जेवले. गल्लीनं दारं उघडली आणि त्याच संध्याकाळी दोन भांडणं झाली, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाराला मशीन गप्प होती. तुळजाबाई मशीनवर बसली, उजेड सुईवर पडला, आणि तिचा पाय पायडलवर चालेना. शेजारचं स्टूल रिकामं होतं, गादी फुगलेली. सासूचा नेम पाळला, माणूस मोकळं झालं. ती उठली आणि बाहेर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही उठली. आता ती वेळ काही तिची राहिली नाही, एवढंच ती म्हणते.

थंडीच्या सुरुवातीला विमलबाई नवा ब्लाउज हातात नाचवत आली. डाव्या बाहीची शिवण चार बोटं सरळ जाऊन वाकडी झाली होती, दोरा निळा आणि ब्लाउज लाल. विमलबाई म्हणाली की डोळे तपासून घे. तुळजाबाईनं ती बाही उजेडात धरली. मग मांडीवर ठेवून उसवायला घेतली, आणि गल्लीनं चैत्रापासून पहिल्यांदा तिला हसताना ऐकलं.

फळीवर बंडूचं हेल्मेट अजून आहे. त्याला तिनं बटन टाचलेलं नाही. बंडू जिवंत आहे, आणि हेल्मेट न्यायला यायचं नाव काढत नाही.

त्या ब्लाउजची शिलाई तिनं घेतली नाही. ती बाही स्वतःच्या हातानं सरळ शिवली, एक चिंधी काढून सुईखाली ठेवली, निळा दोरा ओवला आणि बारा वाजायला आले तशी उठली.

"आधी चिंधीवर कर," उंबऱ्यातून ती स्टुलाला म्हणाली. "लोकाइच्या ब्लाउजवर नको शिकू."